ओटीएल अँपला डीटी ८८० कोणता लावावा : ३२, २५० की ६०० ओहम?

प्रश्न अमळनेरच्या एका भाऊंचा आहे. त्यांनी ६०८० आणि ६एसएन७ या व्हॉल्व्हवर (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर) चालणारा ओटीएल अँप घेतलाय, म्हणजे ज्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो तो. त्याला बायरडायनॅमिकचा डीटी ८८० जोडायचा आहे. हा हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत येतो आणि दिसायला तिन्ही जवळपास सारखेच. जळगावच्या एका दुकानदाराने सांगितलं, "३२ घ्या, मोबाईलवर पण वाजेल." मित्र म्हणतो, ६०० शिवाय मजा नाही. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन, अभंग आणि जुनी भावगीतं, बहुतेक रात्री, अधूनमधून मोबाईलवर. खोली वरच्या मजल्यावर, उन्हाळ्यात कूलर लागतोच. पैसे साठवून एकदाच घ्यायचा आहे, म्हणून नक्की काय घ्यावं ते सांगा, असं त्यांचं म्हणणं.

भाऊ, तुमच्या अँपला ६०० ओहमचा घ्या. तो मिळत नसेल तर २५० चा घ्या आणि मनात रुखरुख ठेवू नका. ३२ चा मात्र या अँपसाठी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. आता कारणं सविस्तर सांगतो, कारण ती कळली की पुढे कुठलाही हेडफोन घेताना कुणाला विचारायची वेळ येणार नाही.

व्हॉल्व्ह व्होल्टेज भरपूर देतो, करंट मात्र बेताचाच. आपल्याकडे केळीला ठिबक करणाऱ्याला हे लगेच कळेल. ६०० ओहमचा हेडफोन म्हणजे ठिबकची बारीक नळी : दाब चांगला लागतो, पाणी थोडंच. ३२ ओहमचा म्हणजे पाटाने भरणं : दाब नसला तरी चालतं, पण पाणी धो धो पाहिजे. ओटीएल अँपकडे दाब आहे, धो धो पाणी नाही.

आकड्यात बघू. डीटी ८८० ला १ मिलिवॅट दिला की साधारण ९६ डेसिबल आवाज होतो, प्रकार कुठलाही असो. तानेचा किंवा तबल्याचा अचानक उसळणारा आवाज ११० डेसिबलपर्यंत न फाटता जावा असं धरलं तर २५ मिलिवॅट लागतात. हेच २५ मिलिवॅट ६०० ओहमला द्यायचे तर जवळपास ३.९ व्होल्ट आणि ६.५ मिलिअँपिअर. २५० ला २.५ व्होल्ट आणि १० मिलिअँपिअर. ३२ ला ०.९ व्होल्ट पुरतो, पण करंट २८ मिलिअँपिअर. हे सगळे आरएमएस आकडे, म्हणजे लाटेची परिणामी सरासरी. लाटेच्या टोकाला २८ चे ४० होतात. तुमच्यासारख्या अँपमध्ये ६०८० च्या एका बाजूतून गाणं बंद असताना साधारण ३० ते ४० मिलिअँपिअर वाहत असतो, आणि या पद्धतीच्या सर्किटमध्ये हेडफोनला एका दिशेने त्याहून जास्त करंट मिळूच शकत नाही. म्हणजे ३२ ओहमवर व्हॉल्व्हचं सगळं बळ त्या एका उसळीत संपतं आणि लाटेचं टोक कापलं जातं. ६०० ओहमवर टोकाला ९ मिलिअँपिअर लागतात, तेवढे तो सहज देतो.

दुसरी गोष्ट आउटपुट इम्पिडन्सची, म्हणजे अँपच्या स्वतःच्या आतल्या अडथळ्याची. ६०८० हा मुळात पॉवर सप्लायमध्ये रेग्युलेटर म्हणून वापरायचा डबल ट्रायोड (एका काचेत दोन व्हॉल्व्ह), ६एएस७ या व्हॉल्व्हचाच मजबूत भाऊ. त्याचा अंतर्गत रोध २८० ओहम आणि ट्रान्सकंडक्टन्स (आत येणारा व्होल्ट बदलला की करंट किती बदलतो ते) व्होल्टला ७ मिलिअँपिअर. कॅथोड फॉलोअर म्हणून, म्हणजे व्हॉल्व्हच्या कॅथोड या टोकावरून आउटपुट घेऊन, लावला की आउटपुट इम्पिडन्स ९५ ओहमच्या आसपास येतो. प्रत्यक्ष अँपमध्ये तो १०० ते १२० धरून चाला.

हा १०० ओहम हेडफोनच्या वाटेत उभा असतो. ६०० ओहमच्या हेडफोनवर अँपने काढलेल्या व्होल्टेजपैकी ८६ टक्के पोचतं, २५० वर ७१ टक्के, ३२ वर जेमतेम २४ टक्के. बाकीचं अँपच्या आतच खर्च होतं. स्पीकरवाले ज्याला डॅम्पिंग म्हणतात ते इथेच ठरतं. हेडफोनचा पडदा एकदा हलला की त्याला जोडलेली कॉइल स्वतःच थोडी वीज तयार करते. ती वीज अँपमधून सहज वाहू शकली तर पडद्याला ब्रेक लागतो. ३२ ओहमच्या कॉइलसमोर १०० ओहमचा अडथळा असेल तर ब्रेक कसला लागणार? डग्ग्याचा घुमारा निघतो, पण तो जिथे थांबायला हवा तिथे थांबत नाही, पुढच्या मात्रेवर सांडतो. विलंबित एकतालात हे फार जाणवतं, कारण तिथे दोन ठोक्यांमधल्या शांततेलाच अर्थ असतो.

आता एक फसवी गोष्ट सांगतो, कारण दुकानात ऐकून बघणारे बहुतेक जण इथेच चकतात. लोकांना वाटतं की ६०० ओहमचा हळू वाजेल आणि ३२ चा जोरात. ट्रान्झिस्टर अँपवर किंवा मोबाईलवर तसंच होतं. पण १०० ओहम आउटपुटच्या ओटीएलवर हिशोब करा. एका व्होल्टला ३२ चा हेडफोन १११ डेसिबल देतो, ६०० चा ९८. फरक १३ डेसिबलचा. पण ३२ चा अँपच्या आतच १२ डेसिबल गमावतो, ६०० चा सव्वा. दोन्ही आकडे वजा केले की व्हॉल्यूमच्या त्याच खुणेवर तिन्ही प्रकार दोन-अडीच डेसिबलच्या आत येऊन बसतात. म्हणजे आवाज सारखा, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "फरक काहीच नाही, मग स्वस्तातला घेतो." फरक आवाजाच्या मोठेपणात नाहीच. तो स्वच्छतेत आणि खालच्या स्वरांच्या आटोपशीरपणात आहे, आणि तो दुकानाच्या गोंगाटात दोन मिनिटांत कळत नाही.

आउटपुटला एक कपॅसिटरही असतो, व्हॉल्व्हचं डीसी अडवायला. काही अँपमध्ये तो मोठा असतो, १०० मायक्रोफॅरड किंवा जास्त, काहींमध्ये ३३ च्या आसपास. ३३ चा असेल तर ६०० ओहमवर तो ७ हर्ट्झच्या खाली कापतो, म्हणजे काळजीच नाही. ३२ ओहमवर ३६ हर्ट्झपासून खालचं उतरू लागतं.

२५० आणि ६०० मध्ये काय निवडायचं, हा खरा प्रश्न. ३२ बाद झाल्यावर तेवढाच उरतो. प्रामाणिकपणे सांगतो, हा फरक ३२ आणि २५० मधल्या फरकापेक्षा पुष्कळ लहान आहे. तुमच्या अँपवर २५० नीट वाजतो. १० मिलिअँपिअर ६०८० सहज देतो. ६०० कडे माझा कल दोन कारणांनी. एक, व्हॉल्व्हवर ओझं जितकं हलकं तितकी त्याची विकृती (डिस्टॉर्शन) कमी, आणि गायकीच्या आवाजात ती कमी झालेली लगेच कळते, विशेषतः तार सप्तकात लांबवलेल्या आकारात. दुसरं, ६०० ची कॉइल फार बारीक तारेची असते. बारीक तारेमुळे कॉइल हलकी होते असं बनवणारे सांगतात. त्यामुळे किती फरक पडतो यावर लोक भांडतात. मी कानाने एवढंच म्हणेन की चांगल्या ओटीएलवर ६०० मध्ये तंबोऱ्याची जवारी जास्त सुटी, जास्त मोकळी ऐकू येते. २५० वर ती किंचित घट्ट वाटते. या फरकासाठी कर्ज काढू नका, पण दोन्ही मिळत असतील तर ६०० उचला.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. डीटी ८८० चा वरचा आवाज, ८ किलोहर्ट्झच्या आसपास, थोडा उठलेला आहे. स, श आणि झांजेची धार त्यात टोचू शकते. "व्हॉल्व्ह लावला की ती धार मऊ होते," असं सर्रास सांगितलं जातं. पण अँपचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनचा सूर तिथेच बदलतो जिथे हेडफोनचा स्वतःचा इम्पिडन्स वरखाली होतो, आणि ६०० ओहमच्या बायरमध्ये तो चढउतार फार नाही. त्यामुळे धार राहते. अभंगातली टाळ-झांज तुम्हाला आजच बोचत असेल, तर डीटी ९९० कडे तर वळूच नका, त्याची वरची बाजू आणखी तेज आहे. अशा कानांना सेनहायझरचा एचडी ६०० किंवा एचडी ६५० बरा. दोन्ही ३०० ओहमचे, आणि ओटीएलशी त्यांची जोडी जुनी आहे. त्यांचा इम्पिडन्स खालच्या स्वरांत, १०० हर्ट्झच्या अलीकडे, ५०० ओहमच्या आसपास चढतो. १०० ओहमच्या अँपवर त्या जागी जवळपास एक डेसिबल आवाज वाढतो. एक डेसिबल ऐकायला थोडा वाटतो, पण पखवाज आणि डग्ग्याला तेवढ्याने भरदारपणा येतो. ओटीएलवरचा सेनहायझर लोकांना "उबदार" वाटतो त्यात व्हॉल्व्हइतकाच या चढाचा हात आहे.

आता मोबाईल. तुम्ही अधूनमधून म्हणालात, म्हणून सांगतो. मोबाईलला हेडफोन जोडायचा चांगला डोंगल एक व्होल्ट देतो. त्यावर ६०० चा ९८ डेसिबलपर्यंत जातो आणि २५० चा १०२. गाण्याची सरासरी पातळी शिखरापेक्षा पंधरा-वीस डेसिबल खाली असते, म्हणजे ६०० वर ऐंशीच्या आसपास. हल्लीच्या जोरात भरलेल्या गाण्यांना पुरतं. जुन्या आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणांना कमी पडतं. पण बघा, २५० घेऊन तुम्ही फक्त चार डेसिबल कमावता. मोबाईलसाठी म्हणून ६०० सोडून २५० घेण्यात अर्थ नाही. मोबाईलवर रोजच ऐकायचं असेल तर त्यासाठी वेगळा साधा हेडफोन ठेवा, हा अँपपाशीच राहू द्या.

इतर वाचकांसाठी थोडक्यात. तुमच्या अँपमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असेल आणि मागे हाय-लो इम्पिडन्सचं बटण असेल, तर ३२ सुद्धा चालतो, बटण बरोबर बाजूला हवं. अशा अँपवर मात्र ३२ चा हेडफोन अँपची गुणगुण जास्त ऐकवतो. बाजारात "ट्यूब अँप" म्हणून मिळणारे बरेच छोटे अँप खरं तर हायब्रीड असतात : पुढे एक व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर किंवा आयसी. त्यांना करंटची अडचण नाही, व्होल्टेजची आहे. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा असा अँप हिशोबाने फार तर चार व्होल्ट आरएमएस देईल, प्रत्यक्षात तीनच्या आसपास. ६०० ला ते काठावर पडतं. तिथे २५० घ्यावा.

आपला अँप कुठल्या जातीचा हे माहितीपत्रकावर विसंबून न राहता घरी मोजता येतं. मोबाईलवर २०० हर्ट्झचा सूर लावा, तो अँपला द्या. हेडफोन काढून ठेवा. जॅकमध्ये एक रिकामी ६.३५ मिलिमीटरची पिन घाला, तिच्या टोकाच्या आणि दांड्याच्या तारा बाहेर काढलेल्या असू द्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून व्हॉल्यूम असा लावा की बरोबर १ व्होल्ट दिसेल. मग त्याच दोन तारांना १०० ओहमचा रेझिस्टर लावा आणि पुन्हा वाचा. ०.५२ दिसलं तर? १ ला ०.५२ ने भागा, १.९२ येतात, त्यातून १ वजा करा, उरलेल्याला १०० ने गुणा. ९२ ओहम. हाच तुमचा आउटपुट इम्पिडन्स. हेडफोनचा ओहम याच्या निदान अडीच-तीन पट असावा. सहापट असला तर उत्तम. १०० ओहमचा रेझिस्टर आणि पिन जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल. मोजणी फक्त जॅकवर करायची, अँपचं झाकण उघडायचं नाही; आत शंभर-दोनशे व्होल्ट डीसी असतं आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते बराच वेळ राहतं.

कूलरबद्दल. डीटी ८८० अर्धा उघडा आहे, बाहेरचा आवाज आत येतो. मे महिन्यात कूलर पूर्ण वेगाने चालू असताना त्यावर आलापी ऐकणं म्हणजे अर्धं गाणं घोंगाटात हरवणं, आणि ते भरून काढायला हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन. कूलरवर मात करायला लावलेला आवाज या मर्यादेबाहेर कधी गेला ते कळतही नाही. वर्षातले चार महिने कूलरशिवाय बसणं शक्य नसेल, तर बंद प्रकारचा डीटी ७७० प्रो, २५० ओहमचा, याचा मनापासून विचार करा. आवाजाचा मोकळेपणा ८८० इतका नाही, पण शांतता मिळते, आणि तुमच्या अँपवर २५० चालतो हे वर सांगितलंच. घरातली मंडळी शेजारीच झोपलेली असतील तरी हाच बरा. ८८० मधलं गाणं बाहेर झिरपतं. माझा सल्ला : पहाटे किंवा रात्री उशिरा, कूलर मंद करून ऐकता येत असेल तर ८८०, नसेल तर ७७०.

घामाचंही बघा. बायरच्या गाद्या मखमली असतात, त्या घाम आणि धूळ दोन्ही शोषतात. सुदैवाने त्या निघतात. कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवून सावलीत वाळवा. कपाशी वेचणीच्या दिवसांत तंतू आणि धूळ हवेत असते, तेव्हा हेडफोन पिशवीत ठेवा. उघड्या जाळीतून आत गेलेला एक बारीक केस पडद्याला टेकला तरी खरखर येते, आणि लोक व्हॉल्व्ह बदलत बसतात.

अँपच्या उष्णतेची तयारी ठेवा. ६०८० ची आतली तापणारी तार (हीटर) ६.३ व्होल्टवर अडीच अँपिअर घेते, म्हणजे १६ वॅट नुसती तार तापवायला. ६एसएन७ चे आणखी चार. शिवाय प्लेटची उष्णता वेगळी. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा हा अँप बंद कपाटात किंवा टीव्हीच्या खणात ठेवू नका. वर आणि बाजूंना वीतभर तरी मोकळी जागा हवी.

त्याहून महत्त्वाचं व्होल्टेज. व्हॉल्व्हच्या तारेला ६.३ च्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे चालतं, म्हणजे ५.७ ते ६.९. बाहेरून आलेले बरेच अँप २२० व्होल्टचे असतात. रात्री शेतातल्या मोटारी बंद झाल्या की लाइन २५० वर जाते, आणि २२० च्या अँपमध्ये तारेवर ७.२ व्होल्ट येतात. व्हॉल्व्ह लवकर जातो. उलट मोटारी चालू असताना १९० झालं तर २३० च्या अँपमध्येही तार ५.२ वर येते, कॅथोड पुरता तापत नाही आणि आवाज मेल्यासारखा होतो. हेडफोनला नावं ठेवण्याआधी सॉकेटवर व्होल्टेज मोजा. सर्व्हो स्टॅबिलायझर लावा, रिले टकटक करणारा साधा नको. आणि लाइट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर अँप बंदच ठेवा. त्यावर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि ती गुरगुर थेट कानात येते.

घेताना डब्यावर नीट वाचा. "प्रो" म्हणजे बहुतेक २५० ओहम, गुंडाळीची वायर, डोक्यावर पकड घट्ट. "एडिशन" म्हणजे सरळ तीन मीटरची वायर आणि पकड सैल; ६०० यातच येतो. तास-दीड तासाची मैफल ऐकायची तर सैल पकड फार सुखाची. वायर दोन्हींत कायमची जोडलेली असते, खुर्चीच्या चाकाखाली येऊ देऊ नका. जुना हेडफोन घेत असाल तर डाव्या-उजव्या बाजूचा रोध मल्टिमीटरने मोजा. दोन्ही बाजू जवळपास सारख्या आणि लिहिलेल्या आकड्याच्या आसपास आल्या पाहिजेत. ६०० च्या डब्यात २५० चा माल निघाला तर इथेच कळतं.

नवा हेडफोन अँपला लावण्याआधी एक तपासणी कराच. ओटीएलमध्ये व्हॉल्व्हचं शंभरेक व्होल्ट डीसी आणि तुमची कॉइल यांच्यात फक्त तो एक कपॅसिटर असतो. अँप सुरू करा, पाच मिनिटं तापू द्या, रिकाम्या जॅकवर मल्टिमीटर डीसीवर लावा, दोन्ही बाजूंना. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं आणि ते उतरत नसेल तर कपॅसिटर गळतोय. तो बदलेपर्यंत हेडफोन लावायचा नाही. सगळं ठीक असलं तरी रोजची सवय हीच ठेवा : आधी अँप, एक-दोन मिनिटांनी व्हॉल्यूम शून्यावर ठेवून हेडफोनची पिन, बंद करताना आधी पिन, मग अँप. सुरू होताना तो कपॅसिटर भरतो आणि जोडलेल्या हेडफोनमध्ये धप्प करून झटका बसतो. ६०० ची केसासारखी तार रोज असे झटके खाण्यासाठी बनलेली नाही.